हत्यारं डब्यात पडल्याचा आवाज

आई गं,

मागच्या शुक्रवारी मी अण्णांना 'नाही' म्हणाले, आणि अजून काहीच झालेलं नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, काही झालं नाही ना, मग बरंच झालं की. माधव अगदी हेच म्हणाला. पण आपल्या घरात 'काही झालं नाही' याचा अर्थ 'अजून झालं नाही' असा असायचा, आणि तो अर्थ आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? विनूला आहे. पण तो वापीला नोकरी धरून बसलाय आणि तिकडे आपल्या चिंचणीच्या, गावाच्या दिशेला पाय करूनसुद्धा झोपत नाही. बापाचं नाव काढलं की म्हणतो, ताई, दुसरं काही बोल.

आज पुन्हा शुक्रवार आहे, माझ्या कंपनीला सुट्टी. माधव दुपारच्या पाळीला पॉवरहाउसवर गेलाय आणि चिऊ पुढच्या खोलीत भातुकली मांडून बसलीय. बोईसरच्या ह्या दोन खोल्या तू पाहिल्या नाहीस. पाहिल्या असत्यास तर म्हणाली असतीस, एवढ्याशा जागेला दोन दारं कशाला? मागच्या बाजूला दार होतं म्हणूनच मी ही जागा पसंत केली, आई. माधवला सांगितलं, वारा चांगला येतो.

झालं असं, की चिऊला मे महिन्याची सुट्टी लागणार. गेल्या वर्षी ती दिवसभर शेजारच्या सोलापूरच्या काकूंकडे असायची, पण त्यांची बदली झाली. मी पॅकिंगला आठ तास उभी, माधवच्या पाळ्या बदलत्या. पोरीला ठेवायचं कुठे? होळीला चिंचणीला गेलो होतो तेव्हा अण्णांनी ते ऐकलं आणि खाली बघूनच म्हणाले, "मे म्हयनाभर माज्याकडं ठेव तिला. मैनाकाकू हाय बाजूला. बघ तुझं तू." मी म्हटलं, बघते. चिऊने तेवढं ऐकलं आणि घरी आल्याबरोबर पिशवी भरायला घेतली.

तू गेलीस तेव्हा चिऊ पाळण्यात होती. आजी म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि आजोबा म्हणजे जिवंत माणूस, एवढंच तिला कळतं. आणि हा जिवंत माणूस तिला फार आवडतो. शाळेत बाईंनी विचारलं तर उभी राहून सांगते, आमचे आजोबा लोखंडात फुलं काढतात. खोटं नाही. पोलादाचा ठोकळा घ्यायचा, छिन्नी-हातोडीने त्यात उलटी नक्षी कोरायची, मग मुंबईचे दागिनेवाले त्या डायवर पत्रा दाबून बांगड्यांची पानंफुलं उठवणार. चिंचणीत घरोघरी हेच चालतं, ओटीवर खिडकीशी बसलेला माणूस, डोळ्याला भिंग, आणि टक टक टक. पाहुण्यांना वाटायचं, काय शांत गाव आहे.

आपण त्या टकटकीत काय ऐकायचो, ते चिऊला ठाऊक नाही.

अण्णा दारू पीत नव्हते. लग्नानंतर हे मी माधवला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. त्याच्या गावाकडे मारणारा म्हणजे पिणारा, आणि पिणं सुटलं की मारणंही सुटलं असा सगळ्यांचा समज. आपल्याकडे सुटायला काही नव्हतंच. अण्णा शुद्धीत असायचे. इतके शुद्धीत, की राग आला तरी हातातलं फूल पुरं करायचे. कालवणात मीठ जास्त झालं, विनूची शाळेतून तक्रार आली, तू मामाला निरोप धाडलास, काहीही असो. एकदा मान वर करून तुझ्याकडे बघायचे आणि पुन्हा ठोकायला लागायचे. टकटकीत काडीचा फरक पडायचा नाही. मग केव्हातरी फूल पुरं व्हायचं. छिन्न्या एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसल्या जायच्या आणि पत्र्याच्या डब्यात पडायच्या. टण. टण. टण. झाकण लागायचं. मग ते उठायचे, दारात जाऊन उभे राहायचे, एक हात चौकटीवर, आणि तिथून बोलायला सुरुवात करायचे.

तेवढ्या वेळात तू आम्हाला परसातून बाहेर काढायचीस. "जा, मैनाकाकूनं बोलवलंय." मैनाकाकूने कधीच बोलावलेलं नसायचं. ती काही विचारायची नाही, पुढ्यात शेंगदाणे ठेवायची आणि रेडिओ मोठा करायची. गावाला सगळं माहीत होतं, फक्त रेडिओ मोठा होता.

त्या पावसाळ्यातली डाय तुला आठवते का? आठवते ना, कसं विचारते मी तरी. कौल सरकलं होतं आणि पाणी नेमकं अण्णांच्या कामाच्या जागेवर ठिबकायला लागलं होतं. अण्णा बाजारात गेलेले. तू खारवलेली मासळी धूत होतीस, तशीच उठलीस, डाय उचलून कोरड्यात ठेवलीस. वाचवलीस तू ती. पण हात मिठाचा. दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत पोलादावर तुझा अंगठा उमटला होता, तांबूस, रेषा अन् रेषा मोजता येईल असा. अण्णांनी तो बघितला, डाय बाजूला ठेवली आणि दुसरी हातात घेतली. ती पुरी होईपर्यंत संध्याकाळ झाली. तेवढा वेळ तू चुलीपाशी भाकऱ्या थापत होतीस आणि मी तुझ्या हातांकडे बघत बसले होते. एकही भाकरी मोडली नाही.

त्या दिवशी मी मैनाकाकूकडे गेले नाही. पुढचं लिहीत नाही. त्यानंतर तुझा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, वेणीसुद्धा मीच घालायचे तुझी.

आणि मग जिलेबी. दर वेळी जिलेबीचा पुडा, अबोलीचा गजरा, आणि रडणं. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे, पुन्हा हात उचलला तर ह्या पोरीचं वाईट होईल. त्या हाताचं वजन मला अजून डोक्यावर जाणवतं. मी रात्रंदिवस देवाला सांगायचे, त्यांनी शपथ मोडली तर मला मारू नकोस. तू मात्र डोळे पुसत म्हणायचीस, "बघ गं, कसे रडतायत. आतून माणूस चांगला हाय."

आई, रागावू नकोस, पण विचारते. रडताना त्यांचे डोळे कुठे असायचे ते तू बघितलंस का कधी? मी बघायचे. ते आपल्याकडे बघत रडायचे. तू उठून पाण्याचा तांब्या पुढे केलास की रडणं थांबायचं, जिलेबी खाल्ली की घरात हसणं सुरू व्हायचं, आणि ज्याला हसायला जमत नसेल त्याच्यावर ते चिडायचे. तुला ते रडणं म्हणजे बदल वाटायचा. मलाही वाटायचा गं. जिलेबी मलाही आवडायची.

एकदा तू निघालीही होतीस. आम्हा दोघांना घेऊन पालघरला उतरलीस, तिथून एस.टी.ने केळव्याला, मामाच्या वाडीत. मामाच्या पानवेलींच्या गार सावलीत मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले होते. आणि अण्णा आले. हातात पुडा होताच. मामाने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, जावई म्हणून मान राखला. अण्णा रडले. मामा तुला म्हणाला, "जा बाय, माणसाला पस्तावा झालाय." परतीच्या एस.टी.त विनू अण्णांच्या मांडीवर होता आणि तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. काय बघत होतीस तू? मला कधी सांगितलं नाहीस.

तू गेलीस ती पोटाच्या दुखण्याने. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि आम्ही तसं म्हणतो.

पण बाराव्याला जे झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. जेवणं व्हायची होती, माणसं ओटीवर बसली होती. अण्णांनी मामापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मामाने तो हाताने बाजूला सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माज्या बहिणीला तू मारीत होतास. मी तुला पाणी देऊन तिला परत धाडली, ते पाप माजं. आता तुज्या घरचं पाणी मी पिणार नाय, आणि माज्या दारात तुला पाणी मिळणार नाय." बाराव्याच्या घरी पाणी नाकारणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. माणसं खाली बघायला लागली. मी डब्याकडे बघत होते, त्या पत्र्याच्या. अण्णा काहीतरी बोलतील, 'पण तिचंही चुकायचं' असं काहीतरी म्हणतील, याची वाट बघत होते. ते तांब्या उचलून आत गेले.

त्यानंतर दर वर्षी तुझ्या तिथीला ते केळव्याला जातात. मला हे ठाऊकच नव्हतं, मामाने सांगितलं. "येतो, कुंपणाशी उभा र्‍हातो. मी बोलवीत नाय. वाईच थांबतो नि जातो." मी विचारलं, पाणी मागतो? मामाने हातातली पानाची जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "नाय मागीत. मी देणारही नाय. पण मागीत नाय, हे मी बघितलंय."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तुला गंमत वाटेल, पण अण्णा वाईट आहेत हे माहीत होतं तोवर मी निर्धास्त होते. वाईट माणसापासून कसं वाचायचं ते तू मला शिकवलं होतंस. चांगल्या झालेल्या माणसाचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

दिवाळीत आणखी एक झालं. मी चहा करत होते, ओटीवर दागिनेवाल्यांचा माणूस आला होता. फळीवर ती डाय आहे, तुझ्या अंगठ्याची. अण्णांनी ती टाकली नाही, घासून साफही केली नाही, बसल्या जागी नजरेसमोर येईल अशी ठेवलीय. त्या माणसाने विचारलं, "अण्णा, ये खराब माल काय को रखा है?" अण्णा म्हणाले, "बायकोचा अंगठा हाय तो. त्यापायी मी तिला मारली. हात मोडला तिचा." तो हसला. म्हणाला, अरे छोडो, घर घर की बात है, गलती करेगी तो मार खाएगी. मी चहा गाळता गाळता थांबले, कारण अण्णा आता हसतील असं मला वाटलं. पूर्वी ते अशा वेळी हसायचे. अण्णा म्हणाले, "गलती तिची नव्हती. पावसाआधी कौलं मी चाळली नव्हती."

एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, आई. मी तुझ्या हाताच्या मिठाचाच विचार करत राहिले. पावसाआधी कौलं चाळून नीट बसवायचं काम कोणाचं, हे त्या घरात कधी कोणी विचारलंच नव्हतं.

मग काय, म्हणशील, बदलला ना माणूस? माधवही तेच म्हणतो. "उतारवयात माणूस निवतो. तुझे वडील आता गाय झालेत." मैनाकाकू उलटं बोलते. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय गं, मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय." मी दोघांनाही हो म्हणते आणि घरी येऊन मागच्या दाराच्या कडीला तेलपाणी करून ठेवते.

कारण मला एक गोष्ट कळत नाही आणि ती मला खाते. अण्णांनी हात थांबवले, की हाताखाली कोणी उरलं नाही म्हणून हात थांबले? मी लग्न होऊन गेले, विनू वापीला गेला, तू गेलीस. एकटा माणूस कोणाला मारणार, भिंतीला? मांजर पाळलंय म्हणे त्यांनी, ते गुबगुबीत आहे. पण मांजर काही उलटून बोलत नाही. त्यांचं खरंखोटं कळायचा एकच मार्ग आहे. त्यांच्यासमोर एखादं लहान माणूस एकटं ठेवायचं, त्याने हट्ट करायचा, काहीतरी सांडायचं, ओल्या हाताने डाय उचलायची, आणि बघायचं. म्हणजे चिऊला ठेवायचं.

हे मनात आलं आणि मला कळलं की मी नाही म्हणणार आहे. अण्णा बदलले नाहीत म्हणून नव्हे. कदाचित बदललेही असतील. पण ते बघायला मी माझी पोर लावणार नाही.

ठरवणं सोपं गं, सांगायचं कोणी? त्या घरात अण्णांना नाही कोणी म्हटलं होतं का कधी? तू तर 'बघू' सुद्धा म्हणायची नाहीस.

गेल्या शुक्रवारी गेले. रिक्षात मी चिऊचा हात इतका दाबून धरला होता की ती ओरडली. चिंचणीला पोचलो, अण्णा ओटीवर कामाला बसलेले. मी चिऊला म्हटलं, "जा, मैनाकाकूनं बोलवलंय." तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. चिऊ उड्या मारत गेली. मी भिंतीला टेकून बसले, अण्णांपासून जितकं लांब बसता येईल तितकं. पण दार त्यांच्या बाजूला होतं, ते माझ्या लक्षात बसल्यावर आलं.

म्हटलं, "अण्णा, चिऊला मे महिन्यात मी तुमच्याकडे नाही ठेवणार."

त्यांनी मान वर केली. एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मान खाली घालून पुन्हा ठोकायला लागले.

आई, तसंच. अगदी तसंच. टक टक टक, काडीचा फरक नाही. मी नोकरी करते, घर चालवते, आमच्या सुपरवायझरला सगळ्या बायकांदेखत ऐकवलंय मी, आणि तिथे मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उठून जायचं होतं, पण उठले तर त्यांचं लक्ष जाईल असं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. फूल पुरं झालं. फडकं घेतलं. छिन्न्या पुसल्या. टण. टण. टण. झाकण लागलं. उठले.

दाराकडे वळले. मी दाराकडेच बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मी कुठे बघतेय तिकडे बघितलं. आणि थांबले. तिथल्या तिथे थांबले गं. मग वळून ओटीच्या दुसऱ्या टोकाला गेले, पलीकडच्या खिडकीखाली, आणि तिथे जमिनीवर बसले, मांडी घालून. माझ्यापासून दारापर्यंत सगळी वाट मोकळी राहिली.

तिथून म्हणाले, "बरं. नको ठेवू."

ते म्हणाले, "का म्हणून विचारीत नाय. म्हायती हाय मला."

मला वाटलं होतं मी रडेन. पण मला राग आला, आई, असा राग की भीती क्षणभर मागे पडली. म्हणजे ह्यांना कळतं तर. दारात उभं राहिलं की आतल्या माणसाचं काय होतं, ते ह्यांना कळतं. मी म्हटलं, "आईच्या वेळी का नाही झालात बाजूला? दार तेच होतं ना?"

ते रडले नाहीत. मी वाट बघत होते. म्हणाले, "व्हायला पायजे होतं, पोरी. नाय झालो मी."

निघताना मी चपला घालत होते, तेव्हा खिडकीखालूनच त्यांनी विचारलं, "चिऊला काय सांगशील?" म्हटलं, बघते काहीतरी. म्हणाले, "मी मारायचो म्हणून, असं सांगितलंस तरी चालंल मला." हे ते तिच्याकडे, चिऊकडे बघत म्हणाले. ती अंगणात मैनाकाकूच्या कोंबड्यांमागे धावत होती.

मी 'येते' म्हणाले नाही. रिक्षा थांबवून वाणगाव नाक्याला उतरून उलटी केली. चिऊ म्हणाली, आई, तुला गाडी लागली.

तेव्हापासून मी वाट बघतेय. तुला माहीत आहे पूर्वी कशी रीत होती. मनाविरुद्ध झालं की अण्णा जेवण सोडायचे आणि आत्याकडून निरोप यायचा, 'बापानं अन्न टाकलंय, तुमी काय माणसं हायत का.' मग आपण जाऊन पाया पडायचं. आठवडाभर मी दारावर थाप पडली की दचकतेय. परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या पॅकिंगमधली गीता माझ्याकडे आली. ती चिंचणीची, अण्णांच्या घरावरूनच येते. मीच विचारलं, अण्णांचा काही निरोप? ती म्हणाली, "नाय गं, निरोप कसला? येताना बघितलं, छपरावर चढलेले. कौलं चाळीत होते."

मी तिच्या डब्यातला घास घेतला.

मला कळतंय, आई, तू काय म्हणशील ते. तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हते, आतून माणूस चांगला हाय. आता हे म्हणू नकोस. तुला मिळालं नाही ते. तुझ्या वाट्याला जिलेबी आली, आणि हा माणूस, दारातून बाजूला होणारा, तू गेल्यावर आला. कधीकधी मला वाटतं, खरंच बदलले असतील तर ते जास्तच वाईट. कारण मग ते आधीही जमलं असतं. हे असं वाटणं बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. विनूला विचारलं तर तो म्हणेल, दुसरं काही बोल.

लिहिता लिहिता आत्ताच एक झालं. पुढच्या खोलीत चिऊ उलट्या वाटीवर चमच्याने ठोकत होती, टक टक टक, आजोबांसारखं. मी ऐकत लिहीत होते, मध्ये कौतुकही वाटलं. मग तिने खेळ आवरला. चमचे एकेक करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. टण. टण. टण. आणि झाकण लावलं.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. भानावर आले तेव्हा मी मागच्या दाराशी उभी होते आणि माझा हात कडीवर होता. अण्णा तिथे नव्हतेच, ते पाच कोसांवर चिंचणीला आपल्या छपरावर असतील नाहीतर खिडकीशी. चिऊ दारात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आई, तू कुठं चाललीस?"

म्हटलं, कुठे नाही. मग तिला विचारलं, "चिऊ, आजोबा हत्यारं डब्यात टाकतात, तो आवाज आला की तुला काय वाटतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काय वाटणार? काम संपलं. मग आजोबा खेळतात ना माझ्याशी."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि खूप रडले, आई. चिऊने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले नाही लगेच, आधी तिच्याकडे बघून घेतलं की मी तिला घाबरवलं तर नाही ना.

तर ऐक. तुझी शपथ घेत नाही, आपल्या घरात शपथा फार झाल्या. फक्त सांगते. चिऊला तो आवाज काम संपल्याचाच राहील. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्याला दुसरा अर्थ लागू देणार नाही. त्यासाठी दर मे महिन्यात अण्णांना नाही म्हणावं लागलं तर दर मे महिन्यात जाऊन म्हणेन. चिऊ त्यांच्याकडे जाईल, माझ्याबरोबर जाईल, माझ्याबरोबर परत येईल. आणि ते दर वेळी असेच खिडकीखाली जाऊन बसत राहिले, तर एखाद्या वर्षी असंही होईल की डब्याचं झाकण लागेल आणि माझी नजर दाराकडे जाणार नाही. त्या दिवशी तुला पुन्हा लिहीन. तोवर त्यांचं बदलणं त्यांच्यापाशी आणि माझी भीती माझ्यापाशी राहू दे.

पुढच्या शुक्रवारी चिऊला घेऊन जाणार आहे. दुपारपुरती. कौलं नीट बसली का तेही बघून येईन.

तुझी वेणी घालणारी,
नंदू